सूसैचं खासगी चॅनल

शवपेटी उचलायला अजून तासभर होता. सूसै भावाच्या अंगणात माडाला टेकून उभा होता आणि त्याला कुणी साधी खुर्चीही पुढे केली नव्हती.

सहा वर्षांनी तो या अंगणात पाय ठेवत होता. आत त्याचा थोरला भाऊ आरोग्यम पांढरी वेष्टी नेसून निजला होता, हातात जपमाळ. सूसैची बायको रेजिना अजून घरीच होती. सूसैची बोट घेऊन गेलेला जावई नेविस बातमी कळताच समुद्रातून परत फिरला होता. तो धक्क्याला लागला की दोघं मिळून येणार होती.

"आलास, तंबी?" म्हातारा मच्छीमार पेत्रूस धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारत शेजारी येऊन उभा राहिला. "घर सापडलं का? सहा वर्षांत रस्ता विसरला असशील."

"रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच लांब आहे. अण्णाने तरी कधी हाक मारली?"

पेत्रूसने त्याच्याकडे चमकून पाहिलं. मग तो विडी शोधत पलीकडे निघून गेला.

भांडण झालं होतं ते पाण्याखालच्या एका खडकावरून. तो सूसैला सापडला होता आणि त्याच्याभोवती तांबोशी मासळीच मासळी होती. त्याने फक्त अण्णाला सांगितलं. पण अण्णाच्या तोंडात तीळ भिजत नसे. आनंदाच्या भरात त्याने ती जागा गावाच्या चॅनलवर सांगून टाकली आणि चर्चच्या मनोऱ्यावरच्या रिपीटरने ती चाळीस बोटींना पोचवली. दुसऱ्या दिवशी खडकावर जत्रा भरली. आठवड्यात तिथे औषधालाही मासा उरला नाही.

"तुझ्या तोंडाला कुलूप नाही," सूसै धक्क्यावर चारचौघांत ओरडला होता. "आजपासून तू मला मेलास."



त्याच महिन्यात त्याने गावाचं चॅनल सोडलं. मार्तांडमच्या एका दुकानातून दोन नवे वायरलेस संच आणले, एक बोटीवर, एक घरी. घराच्या छपरावर उंच अँटेना उभी केली.

"टोन घालून देतो," दुकानदार म्हणाला. "मग तुम्हा दोघांखेरीज कुणाचाही आवाज यायचा नाही."

"कुणाचाही?"

"एक शब्द जरी आला ना, तर संच परत आणा."

दुकानदाराने शब्द पाळला. सहा वर्षांत परका आवाज कधी आला नाही.

मग सूसै मोकळा झाला. रोज संध्याकाळी पाच वाजता तो समुद्रातून रेजिनाला सगळं सांगे. जाळं कुठे टाकलं, नवा खडक कुठे लागला, गुडघा किती दुखतोय, काहीही. त्याच्या खडकांवर पुन्हा कधी कुणाची बोट फिरकली नाही. गुपित असं राखायचं असतं, असं तो जावयाला ऐटीत सांगे.

एकदा त्याचं इंजिन बंद पडलं. त्याने फक्त रेजिनाला कळवलं आणि अर्ध्या तासात पेत्रूसची बोट सहज म्हणून तिथून गेली. वेलांकण्णीच्या मातेची कृपा, दुसरं काय. संचाची मात्र एक खोड होती. बोलणं संपलं की त्यावरचा हिरवा दिवा उगाच पेटायचा, आवाज काही नाही. शेवटी वैतागून सूसैने त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

नाताळ जवळ आला की तो हमखास हळवा होई.

"अण्णाने एकदा हाक मारावी, रेजिना. एक हाक. मी अनवाणी जाईन."

"मग तुम्हीच जा की! धाकटे ना तुम्ही?"

"चूक त्याची आहे. हाक त्याने मारायची."

अण्णाने हाक मारली नाही. आज या अंगणात उभं राहायला सूसैपाशी तेवढाच एक आधार होता. आपण हट्टी खरे, पण तोही कमी नव्हता.

खिडकीत ठेवलेला वायरलेस संच एकाएकी खरखरला आणि जावयाची सासूला हाक ऐकू आली.

"अत्तै, नेविस बोलतोय. धक्का दिसायला लागला. मामा गेले का पुढे?"

"केव्हाच गेले," रेजिनाचा आवाज आला. "तू सावकाश ये."

सूसै माड सोडून धावत पुढे गेला. खिडकीशी आरोग्यमची मुलगी जेरोनिमा बसली होती. चर्चच्या सभागृहात ती नव्या खलाशांना वायरलेस शिकवायची.

"हे इथे कसं ऐकू येतं?"

"इथे? हे चॅनल लावलं की सगळ्या बोटींवर येतं, चित्तप्पा. तुम्हीच तर चॅनल उघडं ठेवलंय."

"उघडं कसं? टोन घातलाय मी! कुणाचा आवाज येऊ नये म्हणून."

जेरोनिमाचा चेहरा उतरला. "टोनने फक्त आपले कान बंद होतात," ती हळूच म्हणाली. "तोंड नाही."

"म्हणजे अण्णा माझं सगळं ऐकत होता?"

"रोज. तुमच्या खडकांवर कुणी जाऊ नये म्हणून त्यांनी बोटीबोटीला जाऊन हात जोडले. कुणी गेलं तर तंबी बोलायचा थांबेल, म्हणायचे."

सूसैला आधी रडू आलं आणि मग संताप. "मी अनवाणी येईन म्हणत होतो, तेही ऐकलं त्याने? आणि तरी तोंडातून एक शब्द नाही?"

जेरोनिमाने दाराकडे पाहिलं. दारात तिची आई उभी होती. सहा वर्षं आवरून धरलेला राग तिच्या डोळ्यांत उतरला होता.

"एक शब्द नाही?" ती म्हणाली. "रोज तुझं बोलणं संपलं की ते या संचाचं बटण दाबायचे आणि म्हणायचे, तंबी, मी चुकलो, घरी ये. काल श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले. सूसै, तू एकदा तरी उत्तर द्यायचं होतंस रे."