काळी फळी

“ही काळी मला चालेल,” ब्रॉन्विन म्हणाली, आणि मर्व्हची खात्री पटली की आपली पोरगी घर विकायलाच निघाली आहे.

कोस्टा सुताराने सकाळीच तीन फळ्या मागच्या अंगणात उन्हात टाकून ठेवल्या होत्या. एक फिकट, एक तांबूस, एक कोळशासारखी काळी. दुपारी बूट काढून त्यांच्यावर उभं राहायचं आणि मग मागच्या दाराबाहेरचा लाकडी ओटा कुठल्या फळ्यांचा करायचा ते ठरवायचं. ऑस्ट्रेलियातल्या या मिल्ड्युरा गावात सगळे असंच करतात, कारण उन्हाळाभर अंगणात कोणी पायात काही घालत नाही. या उन्हात काळी फळी घेणारा माणूस स्वतः त्या घरात राहणार नसतो, एवढं मर्व्हला कळत होतं.

समोरच्या जेसपचं असंच झालं होतं. मुलांनी म्हाताऱ्याला मागे मोठा ओटा बांधून दिला. वर छप्पर, मांस भाजायला नवी शेगडी. महिनाभरात फाटकावर ‘विकणे आहे’ची पाटी लागली आणि जेसप वृद्धाश्रमात गेला. चांगला ओटा असला की घराला भाव येतो.

मर्व्हची बायको डल्सी मागच्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून ब्रॉन्विन दर शनिवारी ॲडलेडहून बसने यायची. इतकी वर्षं नाताळ सोडला तर न फिरकणारी पोरगी. आधी मर्व्हला बरं वाटलं. मग ती दारांची मापं घ्यायला लागली. मागचं दार रुंद हवं म्हणाली. ओटा स्वयंपाकघराच्या जमिनीशी अगदी सपाट हवा म्हणाली. म्हणजे मागच्या पायऱ्या जाणार. त्या पायऱ्या मर्व्हने लग्नाच्या वर्षी स्वतः बांधल्या होत्या. डल्सी रोज संध्याकाळी तिथे चहा घेऊन बसायची. अजूनही तो सवयीने एका कडेला सरकून बसे.

“एवढं रुंद दार कुणाला लागतंय?” त्याने एकदा विचारलं होतं.

“घरातल्याच माणसाला लागेल, बाबा.”

म्हणजे मला. खुर्चीत बसवून मला ढकलत बाहेर नेणार. त्याने पुढे काही विचारलं नाही. पण ती आणि कोस्टा कुंपणाशी हळू आवाजात बोलायची आणि तो जवळ गेला की गप्प व्हायची, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

आता तो फिकट फळीवर उभा राहिला. पाय टेकवता येत होता. तांबूस फळीवर दोनदा पाय बदलावा लागला. काळीकडे तो गेलाच नाही.

“का हो मालक, घाबरलात?” कोस्टा हसला.

“तुझ्या बायकोला उभी कर तिच्यावर. भाजून निघेल, संध्याकाळचं जेवण तयार.” मर्व्ह ब्रॉन्विनकडे वळला. “हिला आवडलीय ना काळी? मग हिनंच उभं राहावं.”

कोस्टाचं हसू गेलं. “राहू दे ना. आपण तांबूसच घेऊ. विषय संपला.”

“तू का मधे पडतोस? दलाली ठरलीय का तुझी?”

“बाबा, पुरे,” ब्रॉन्विन म्हणाली. “ही गुळगुळीत आहे, कुठे अडकायला होत नाही. म्हणून हवीय.” तिने सपाता काढल्या, कोस्टाच्या खांद्याला धरलं आणि काळ्या फळीवर जाऊन उभी राहिली.

मर्व्ह वाट बघत राहिला. आता उडी मारेल, मग ओरडेल. ती मात्र छप्पर कुठवर घ्यावं, पश्चिमेचं ऊन कसं अडवावं, ते कोस्टाला हाताने दाखवत होती. चेहऱ्यावर काही नाही. केवढा हट्ट, मर्व्हच्या मनात आलं. पाय भाजले तरी चालतील, पण घर विकायचंच.

“नाटक पुरे झालं,” तो म्हणाला. “उतर खाली.”

ब्रॉन्विनने त्याच्याकडे पाहिलं. मग कोस्टाकडे. मग खाली, स्वतःच्या पायांकडे.

“तापलीय का?” तिने विचारलं.

कोस्टाने तिला उचलूनच पायरीवर बसवलं. तळवे उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते. एका टाचेला फोड धरू लागला होता. ती त्याच्याकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा पाय असावा.

“केव्हापासून?” मर्व्हने विचारलं.

“आई गेली त्याच्या थोडं आधीपासून. आधी बोटं, आता घोट्यापर्यंत काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात वर चढत जाणार. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाकांची खुर्ची लागेल.” ती जरा थांबली. “ॲडलेडला माझी खोली जिन्यावर आहे. मला इथं यायचं होतं. पण तुम्ही आत्ताच आईचं केलंत. लगेच माझं करायला कसं सांगू? म्हटलं, आधी ओटा होऊ दे.”

“याला माहीत होतं?”

“मापं घ्यायला सांगावंच लागलं.”

कोस्टाने गाडीतून बर्फाचा डबा आणला. बाटल्या बाजूला काढून त्याने तळातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी एका बादलीत ओतलं. मर्व्ह गुडघे टेकून बसला. तिचे दोन्ही पाय त्याने बादलीत धरले. थंडीने त्याची बोटं दुखायला लागली, तरी त्याने हात काढले नाहीत.

“गार लागतंय ना, बाळा?” तो म्हणाला. विचारून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय विचारलं ते.

ब्रॉन्विन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. “हो बाबा,” ती म्हणाली, “खूप गार.”

इतक्या महिन्यांत ती त्याच्याशी खोटं बोलली ते एवढं एकदाच.