आठ किलोंचा पट्टा

दुसऱ्यांदाही ती बुडाली नाही.

अंगात जाड रबरी सूट, पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात नळी, कमरेला शिशाच्या चार तुकड्यांचा आठ किलोंचा पट्टा, एवढा संसार अंगावर घेऊनही दुकानदारीणबाई बोटीशेजारी तरंगतच राहिल्या.

"श्वास सोडा, मावशी," शेजारी तरंगणारे, बुडी मारायला शिकवणारे सर म्हणाले. "घाबरून छाती भरून ठेवताय तुम्ही. नवखे सगळे तेच करतात."

तिने सोडला होता. पार रिकामी होईपर्यंत सोडला होता. पण तोंडात नळी असताना वाद घालता येत नाही, आणि दुकानात बसून बसून तिला वाद घालायची भारी सवय.

परीक्षा तशी सोपी होती. अंगावरच्या, तरंगायला हवा भरायच्या जॅकेटमधली हवा काढायची, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखायचा. पाणी डोळ्यांपर्यंत आलं की वजन बरोबर, मग श्वास सोडला की माणूस अलगद खाली. तिचं पाणी हनुवटीवर अडून बसलं होतं. पोहण्याच्या तलावात, तिथल्या पट्ट्यावर, पाच किलोंत ती सुरेख खाली जायची. समुद्राचं पाणी खारं, सूट जाड, म्हणून सरांनी हिशेब करून आठ काढले होते. ते आठही पुरेनात.

बोटीत तिची लेक केव्हाची तयार होऊन बसली होती. खाली, दहा-बारा मीटरवर, बुडालेलं जहाज होतं. लेक फोनवर त्याच्या खिडक्यांतून ये-जा करणाऱ्या माशांबद्दल सांगायची आणि ही दुकानातली पोती सारत ऐकायची. त्या खिडक्या लेकीबरोबर बघायच्या म्हणून ती दोन महिने दुकान उघडण्याआधी तलावावर जात होती. उद्या लेक आपल्या नोकरीवर परत जाणार होती.

"आई, तू बस वर निवांत," लेक म्हणाली. "मी पटकन जाऊन येते. पुढच्या वेळी जाऊ आपण."

लेक प्रेमानेच बोलली, म्हणून जास्त लागलं. बाई शिडीवरून वर आल्या, फळीवर टेकल्या आणि पट्टा सोडला. निदान वस्तू तरी नीट परत करावी म्हणून एकेक तुकडा पट्ट्यातून ओढून काढू लागल्या.

पहिला तुकडा तळहातावर आला आणि हात थांबला.

तिने तो खालीवर केला. दुसरा काढला, तोही केला. मग डोळे मिटून तिसरा, चौथा.

"सर, हे दोनचे नाहीत."

"दोनचेच आहेत, मावशी. त्यावर लिहिलंय."

"लिहायला काय जातंय?" बाईंचा आवाज एकदम दुकानातला झाला. "माझ्याकडे तीस वर्षं तराजू आहे. चांगला पावशेर कमी आहे यात. चारही तुकड्यांत."

सर हसले. "अहो, मी स्वतः ओतलेत ते. माझ्या साच्यात."

बोटवाला मासे तोलायचा लटकता काटा घेऊन आधीच उठला होता. त्याला असल्या गोष्टीत फार गोडी. त्याने तुकडा जाळीच्या पिशवीत घालून लटकवला. काटा एक किलो साडेसातशेवर थांबला. दुसरा तुकडा, तेवढाच. तिसरा आणि चौथाही तेवढेच. सरांनी पिशवी आपल्या हातात घेऊन पुन्हा तोललं, जणू त्यांच्या हातात काटा लाजून पुढे सरकणार होता. तो सरकला नाही.

"आतून पोकळ राहिले असणार," ते हळूच म्हणाले. मग तुकडा उलटसुलट करत, "चार वर्षं मी लोकांना श्वासावरून बोलतोय."

बोटवाला खो खो हसत सुटला. बाईंना हसायला वेळ नव्हता. त्या गुडघ्यांवर बसून सुट्या वजनांच्या पेटीत हात घालत होत्या. हात थंडपणे काम करत होता. हा नको, हाही नको. शेवटी दोन छोटे तुकडे वर आले.

"हे खरे अर्ध्या किलोचे. तुम्ही ओतलेले नाहीत, विकतचे आहेत."

"ते विकतचेच आहेत," सर म्हणाले. "द्या, पट्ट्यात ओवतो."

"पट्ट्यात नको, कंबर आधीच ओढतेय. जॅकेटला दोन बाजूंना खिसे आहेत ना? एक इकडे, एक तिकडे. पारडी सारखी पाहिजेत."

सरांनी ते खिशांत घातले आणि आधीचे चारही तुकडे पट्ट्यात परत ओवले. लेक आईकडे बघतच राहिली होती. मग तिने पट्टा उचलला आणि स्वतः आईच्या कमरेला बांधला.

तिसऱ्यांदा पाणी ओठांवरून गेलं, नाकावरून गेलं आणि बरोबर डोळ्यांशी येऊन थांबलं. अर्धं आभाळ, अर्धं हिरवं पाणी. तिला इतका आनंद झाला की श्वास सोडायचाच राहिला. मग आठवलं. तिने सोडला, आणि बोटीचा तळ हळूहळू वर जाऊ लागला. लेक आणि सर मागोमाग आलेच.

खाली जहाजाची पहिली खिडकी दिसली. सरांनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला: ठीक आहे ना? तसाच गोल करून उत्तर द्यायचं असतं. दोन महिने घोकलेलं ते बाई साफ विसरल्या. त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले, तळवे वर केले आणि लेकीसमोर तशाच थांबल्या, ना वर ना खाली.

काटा मधोमध होता.