पाचवं आणि सहावं अक्षर

"हा कोड नाही चालायचा, काका," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

चष्म्याच्या दुकानाचे मालक चष्मेवाले काउंटरवर वाकले. लेकीची पहिल्या वर्षाची फी परदेशी पाठवताना त्यांच्या हातून तिथल्या बँकेच्या कोडातलं असंच एक अक्षर चुकलं होतं. पैसे भलतीकडेच फिरून परत आले, आणि तोवर पोरगी तिकडे कॉलेजच्या ऑफिसात विनवण्या करत उभी होती. तेव्हा त्यांनी कानाला खडा लावला. याच बाईंसमोर बसून ते कोड वाचायला शिकले. पहिली चार अक्षरं बँकेची. पुढची दोन देशाची. त्यापुढची दोन गावाची. शेवटी आणखी तीन असली, तर ती शाखेची.

मग काय, त्यांना नादच लागला. चष्म्याचा नंबर काढायला आलेलं गिऱ्हाईक बँकेचं शिक्षण घेऊनच दुकानाबाहेर पडे. "जेवताना तरी कोड पुरे!" म्हणत बायकोने हात जोडले होते.

आज मात्र त्यांनी कोड वाचलाच नव्हता. नुसता उतरवला होता.

लेक जनावरांची डॉक्टर झाली होती. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "बाबा, मी स्वतःचा दवाखाना काढतेय!" "वा, वा!" ते तोंडभरून म्हणाले आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ एकच काच पुसत बसले. स्वतःचा दवाखाना म्हणजे पोरगी कायमची तिकडची झाली. तरी दुकान वाढवायला बाजूला टाकलेले पैसे त्यांनी मोकळे केले. ती नको नको म्हणत होती. "ते काही नाही. दवाखान्याच्या खात्याचा कोड पाठव," ते अडूनच बसले. आज सकाळी कोड आला. मन घट्ट करून त्यांनी तो फॉर्मवर लिहिला आणि बँक गाठली.

"कुठलं अक्षर चुकलं?" त्यांनी विचारलं.

"चुकलं काहीच नाही. पण पाचवं-सहावं बघा ना. हे पैसे परदेशात जायचेच नाहीत."

त्यांनी पाहिलं. देशाची दोन अक्षरं चक्क आपल्याच देशाची होती. त्यांनी कपाळाला हात लावला. एवढी शिकली, पण वेंधळेपणा काही गेला नाही! त्यांनी तिथूनच फोन लावला.

"अगं, कसला कोड पाठवलास? यात देश आपला आलाय."

पलीकडून खुदकन हसू आलं. "पुढे वाचा ना, बाबा."

"गाव... गावही आपलंच आहे."

"आणि शाखा?"

शाखेची तीन अक्षरं त्यांच्या ओळखीची नव्हती. बाईंनी ती कॉम्प्युटरवर टाकली आणि मान वर केली. "काका, ही तर पुलापलीकडची शाखा. गुरांच्या बाजाराजवळची."

चष्मेवाल्यांनी फोन कानाशी घट्ट धरून विचारलं, "म्हणजे दवाखाना इथे?"

"कुठे काढतेय, हे तुम्ही विचारलंच नाहीत! गेल्या सुट्टीत आले होते ना, तेव्हाच खातं उघडलं. आई होती बरोबर."

"आईला ठाऊक आहे?"

"तिला कधीचं! तिनेच सांगितलं, तू बोलू नकोस, नुसता कोड पाठव. पहिल्या मिनिटाला ओरडत फोन करतील म्हणाली. ती घरी आणि मी इथे, आम्ही दोघी सकाळपासून वाट बघतोय!"

मागच्या रांगेतलं कुणीतरी खाकरलं. बाईंनी हातानेच रांगेला थांबायची खूण केली. त्या गालातल्या गालात हसत होत्या.

"अगं, पण मग हे पैसे पाठवू कसे?" चष्मेवाल्यांनी खुळ्यासारखं विचारलं.

"पाठवू नका, बाबा. घ्यायला मीच येतेय."