चोरून ओढलेली सिगारेट

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरच्या एका आकड्याभोवती पेनानं गोल केला आणि रिपोर्ट नवरा-बायकोपुढे सरकवला.

"ऑपरेशनआधी यांचा हा आकडा खूप होता. आतड्यातली गाठ काढल्यावर खाली आला. आता पुन्हा चढलाय. फार नाही, पण चढलाय."

"म्हणजे परत..." पुढचा शब्द तिच्या तोंडून निघेना.

"एका आकड्यावरून काही ठरत नाही. रक्त पुन्हा तपासू, स्कॅन करू. दुसऱ्या कारणांनीही हा थोडाफार वाढतो." त्यांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "सिगारेट ओढता?"

"सोडली. ऑपरेशन ठरलं तेव्हाच."

उभा जन्म बस चालवलेला माणूस. खुर्चीतही त्याच्या मुठी स्टिअरिंग धरल्यासारख्या आवळलेल्या होत्या.

"ओढत असता, तर थोडी वाढ त्यानंही दिसली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती त्याच्याकडे वळली. लग्न झाल्यापासून या सिगारेटवरून तिनं कितीदा घर डोक्यावर घेतलं होतं. आज तिचा आवाज अगदी मऊ झाला.

"अहो, खरं सांगा. चोरून ओढता ना? मी काही बोलणार नाही."

तो गोल केलेल्या आकड्याकडे पाहू लागला.

"डेपोत, मित्रांबरोबर? एखादी तरी? सांगून टाका हो."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीत पुढे सरकून त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"ओढतो," तो म्हणाला. "दिवसाला दोन-तीन."

तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं. "बघा, डॉक्टर. या माणसाची खोड जायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग मान खाली घालून स्कॅनची चिठ्ठी लिहिली. सकाळपासून दोघांनीही काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे उपाशीपोटी करायचा तो स्कॅन लगेच होणार होता.

तळमजल्यापर्यंत ती त्याला फैलावर घेत राहिली. लाज कशी वाटत नाही, पोटावर एवढे टाके पडले तरी अक्कल येत नाही. बोलताना त्याचा दंड मात्र तिनं घट्ट धरून ठेवला होता.

"चुकलं माझं," तो मध्येच एकदा म्हणाला.

स्कॅनच्या खोलीबाहेर त्याला गाऊन दिला. कपडे बदलून त्यानं काढलेलं जॅकेट तिच्याकडे दिलं आणि तो आत गेला. दार लागलं.

जॅकेट रोजच्या वापरातलं. बरेच दिवस धुतलेलं नव्हतं. बाकावर आणखी कुणी नव्हतं, तरी तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग जॅकेट नाकाशी नेलं. कॉलर हुंगली. खिसे उलटे करून हुंगले. बाह्या हुंगल्या.

डिझेलचा वास होता. घामाचा होता.

तिनं जॅकेट तोंडावर दाबलं, खोल श्वास घेतला आणि पुन्हा कॉलरपासून सुरुवात केली.