हद्दीबाहेर

विकास योजनेच्या नकाशावर नगरसेविका रेणुका खरातची लाल पेन्सिल सपकाळांच्या गल्लीपाशी थांबली. वस्तीतल्या वाढीव घरपट्टीचा पैसा आता तिथल्याच रस्त्यांवर, गटारांवर खर्च होणार होता. पण फक्त ती नकाशावर आखत असलेल्या हद्दीच्या आत.

म्हातारे सपकाळ समोर हात जोडून बसले होते. "ताई, गटाराचं पाणी घरात शिरतं. आमची गल्ली आत घ्या."

याच सपकाळांनी नगरसेवक असताना मंडईचं नूतनीकरण केलं आणि रेणुकाच्या आईचा भाजीचा गाळा काढून टाकला. आईने हाय खाल्ली, वर्षभरात ती गेली.

रेणुकाने सावकाश, त्यांना दिसेल अशी, रेघ गल्लीच्या अलीकडून ओढली. सपकाळांचे जोडलेले हात सुटले.

"त्या गल्लीत आणखीही घरं आहेत, ताई," शेजारी उभा पालिकेचा इंजिनिअर हळूच म्हणाला.

"माहीत आहे," म्हणत तिने नकाशा त्याच्या हाती दिला.