घरातल्या घरात

"तुमच्या खात्याला प्रत्येक माणूस चोरच दिसतो!" कर कार्यालयातल्या बाईंना मी तोंडावर सुनावलं. "दुकान तोट्यात विकलं, तो तोटा उत्पन्नातून वजा दाखवला, तर सरळ नोटीस?"

बाईंनी फाईल उघडली. "दुकान भावाने बक्षीसपत्र करून दिलेलं ना? म्हणजे तुम्हाला फुकटच पडलं."

"फुकट? वडिलांच्या घरातला हिस्सा सोडायला लावला, मग दिलं. आणि बक्षीस मिळालेल्या मालमत्तेला देणाऱ्याची खरेदी किंमत धरायची, हा नियम तुमचाच. दादाने घेतलं त्याच्या निम्म्यात विकलं मी."

"तोटा दिसतोय हो. पण घरातल्या घरात विकलं, तर आम्ही तो धरत नाही."

"कसलं घरातल्या घरात? गिऱ्हाईकाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही मी. भाव पडतोय, आत्ताच वीक म्हणून दादाच मागे लागला होता. गिऱ्हाईक त्यानेच आणलं. त्याने बोट ठेवलं तिथे सही करून मोकळी झाले."

बाईंनी खरेदीखत माझ्यापुढे सरकवलं आणि घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यावर पेन टेकवलं. "यांना ओळखत नाही तुम्ही?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. त्या पत्त्यावर मी कितीतरी वेळा जेवले होते.

तिथेच, बाईंच्या टेबलापुढे उभी राहून फोन लावला.

"बोल गं, छोटे," दादा लाडात म्हणाला. "मिटलं का नोटिशीचं?"

"दादा, माझं दुकान तुझ्या सासऱ्यांनी घेतलं, त्यात पैसा कोणाचा होता?"