परक्यासाठीचा शब्द

"हा पहिला अर्थ काढा," अधिकारी म्हणाला. "'होस्टिस' म्हणजे शत्रू. बाकी काही नाही."

"आधी परका, मग शत्रू," कोशकार बाई म्हणाल्या. "शब्द याच क्रमाने वाढलाय. मुळं छाटून झाड दाखवता येत नाही."

खिडकी त्याने मघाच लावून घेतली होती. भिंतीपलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. गळ्याशी लावलेलं शर्टाचं बटण त्याला काचत असावं. ते सोडायला सांगावं असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

"शाळेतली मुलं हा लॅटिन कोश वापरतात. सरहद्दीपलीकडून आलेल्यांना सरकार शत्रू म्हणतं, आणि तुम्ही लिहिता परका!"

"मी कोण लिहिणारी? जुन्या रोमन कायद्यात आहे ते. ज्याच्याशी दावा लढायला रीतसर तारीख लागते, असा परका. पुढे लढाया वाढल्या आणि त्याचाच शत्रू झाला. कवींनी तर प्रेमातल्या प्रतिस्पर्ध्यालाही हाच शब्द लावला. आता त्या प्रेमवीरांनाही चौकशीला बोलावणार?"

"जीभ आवरा. नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"कोश दुसऱ्याच्या हाती जाईल. सगळं आयुष्य घातलंत त्यात, ते पाण्यात."

"माझं नाव काढून छापा. पण हा अर्थ माझ्या हाताने जायचा नाही."

"अगं, ऐक जरा!"

"एकेरीवर येऊ नका," बाईंनी त्याला तिथेच अडवलं.

तो वरमला. कपाळावरचा घाम पुसून त्याने खुर्ची पुढे ओढली. आवाज अगदी खाली आणला.

"सही करून टाका. नाहीतर आत टाकतील तुम्हाला. मग सोडवायला कोणी येणार नाही. मीसुद्धा नाही."

बाईंचे टेबलावरचे हात जिथल्या तिथे राहिले.

"टाका. आतही कोणी विचारलं तर हेच सांगेन. आधी परका, मग शत्रू. घाई तुमच्या सरकारला आहे, शब्दाला नाही."

तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"उद्या कचेरीत खऱ्या चौकशीला साहेब माझ्या शेजारीच बसलेले असतील, आई," तो म्हणाला. "तेव्हाही मला अशीच नड."